न कळवता शाळेत जा!

दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीमाईंची आणि ११ एप्रिलला जोतीरावांची जयंती आपण वस्तीवस्तीतून साजरी करतो. फोटोला हार घालतो, भाषणे होतात, लहान मुलींना नऊवारी नेसवून सावित्री म्हणून मिरवणुकीत पुढे चालवतो. हे सगळे झालेच पाहिजे. पण या जोडप्याने वर्गात उभे राहून नेमके काय केले, आणि त्या अनुभवाच्या जोरावर सरकारला काय सुनावले, हे मात्र भाषणात एका वाक्यात उरकले जाते. 'मुलींची शाळा काढली' एवढे म्हटले की वक्ता टाळ्या घेतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

वाचकहो, जोतीराव हे आपल्या पुण्यातले शाळामास्तर होते, ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे शहरात आणखी शाळा निघाल्या, महार-मांगांच्या मुलांसाठीही निघाल्या. नवरा-बायको दोघेही त्यांत शिकवीत. मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेतही जोतीरावांनी काही वर्षे मास्तरकी केली. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात सरकारने त्यांना शालजोडी दिली, ती या कामासाठी. तेव्हा शिक्षणाबद्दल ते जे बोलले ते ऐकीव नव्हते. हातात खडू धरलेल्या माणसाचे ते बोल होते.

१८८२ साली इंग्रज सरकारने हंटर साहेबाच्या अध्यक्षतेखाली शिक्षण कमिशन नेमले. त्या कमिशनपुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी लेखी निवेदन दिले. निवेदन इंग्रजीत आहे. खाली सही करताना आपण व्यापारी आहोत, शेतकरी आहोत आणि पुण्याचे म्युनिसिपल कमिशनर आहोत, असे त्यांनी लिहिले आणि पत्ता जुना गंज पेठेचा दिला. (कमिशनर म्हणजे आयुक्त नव्हे. आजच्या भाषेत नगरसेवक.)

आम्ही कारकून माणूस. कागद वाचणे हा आमचा पोटाचा धंदा. समोर अर्ज आला की मागणी काय, आकडा काय आणि जबाबदारी कोणावर टाकली, या तीन गोष्टी आम्ही आधी शोधतो. निम्म्या अर्जांत यांतली एकही सापडत नाही, नुसता 'तरी मेहेरबानांनी योग्य तो विचार करावा' असा शेवट असतो. जोतीरावांच्या निवेदनात तिन्ही आहेत. म्हणूनच तो कागद आजही चावतो.

त्यातला एक आकडा पुण्याचा आहे. महार, मांग आणि इतर खालच्या मानलेल्या जातींची लोकसंख्या या शहरात पाच हजारांच्या वर, आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा किती, तर एक. त्या एका शाळेत हजेरी तीस मुलांपेक्षाही कमी. इतर शाळांत ही मुले जाऊ शकत नव्हती, कारण बाकीच्यांना त्यांच्या शेजारी बसायचे नव्हते. ही गोष्ट शिक्षण खात्याला मुळीच शोभणारी नाही, असे जोतीरावांनी स्पष्ट लिहिले. आणि लिहिणारा माणूस स्वतः त्याच शहराच्या म्युनिसिपालटीचा सभासद! आपल्याच घरातली घाण त्यांनी कमिशनच्या टेबलावर नेऊन ठेवली. आज आपल्या वॉर्डातला कुठला माननीय असे करील? शाळेच्या भिंतीवर आपले नाव मोठ्या अक्षरात रंगवून घेण्यापलीकडे पुष्कळांची मजल जात नाही.

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. दिवसभर कचेरीतल्या फायली आणि संध्याकाळी मुलांच्या वह्या, असा आमचा कैक वर्षांचा क्रम आहे. या वर्गाला एक बाई आठवड्यातून दोनदा येतात. महापालिकेच्या मराठी शाळेत तीसेक वर्षे नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. मुले त्यांना नुसते 'बाई' म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो. नाव छापू नका, असे त्यांनी आम्हाला बजावले आहे. जोतीरावांचे निवेदन आम्ही बाईंना कलमवार वाचून दाखवले. चार संध्याकाळी लागल्या. त्यांचे म्हणणे ऐकताना आम्हाला वाटले, हे आपल्या वाचकांपर्यंत गेले पाहिजे.

निवेदनात मास्तरांच्या पगाराची गोष्ट आहे. प्राथमिक शाळेतल्या मास्तराला महिना दहा रुपयांवर क्वचितच मिळतात, बहुतेकांना शिकवण्याचे शिक्षणच मिळालेले नाही, अशी जोतीरावांची तक्रार होती. शिकवण्याचे शिक्षण घेतलेल्या मास्तराला कमीत कमी बारा रुपये द्यावेत, मोठ्या गावात पंधरा किंवा वीस द्यावेत, असा हिशेबच त्यांनी मांडला. बाई हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे शिक्षणसेवकाचा प्रश्न तेव्हापासूनचा!"

शिक्षणसेवक हा शब्द आपल्या घरांना आता परका नाही. डी.एड. झालेली आपली मुले-मुली त्यातच अडकली. २००० साली ही योजना आली. पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला सुरुवातीला महिना तीन हजार होते, पुढे सहा हजार झाले आणि २०२३ मध्ये सोळा हजार. काम मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण शिक्षकाचे. सेवक या शब्दाला आमचा पहिल्यापासून आक्षेप आहे. कलेक्टर कचेरीतला कारकून तीन वर्षे मानधनावर काढत नाही. मग पोरांना अक्षर शिकवणाऱ्यानेच का काढावीत? पण बाईंचा मुद्दा वेगळा होता. त्या म्हणाल्या, "पैसे कमी असले तरी नवीन पोरगी जीव ओतून शिकवते, आम्ही पाहिले आहे. तिला शिकवू दिले जात नाही, ही खरी अडचण आहे."

बाईंच्या सांगण्यावरून शाळेतल्या शिक्षकाचा दिवस आम्ही कागदावर मांडून पाहिला. सकाळी हजेरी, ती कागदावर आणि मोबाइलवरही. पोषण आहाराची नोंद, किती ताटे, किती मुले. आधार कार्डावरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळत नसेल तर पालकांना फोन. शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेची खाती. वरून आलेला उपक्रम आणि त्याचे फोटो. झाडाचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, शपथ घेतल्याचा फोटो. शिवाय मतदारयाद्यांचे काम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरे बाहेरचे काम देऊ नये, असे कलम आहे. पण निवडणूक हा शब्द रबरासारखा ताणता येतो. याद्यांची दुरुस्ती करायला शिक्षक दारोदार फिरतो, तेव्हा त्याचा वर्ग शेजारच्या बाईंच्या गळ्यात पडतो. एका खोलीत दोन वर्ग, दोन इयत्ता. आम्ही कचेरीत एका टेबलाचे काम दुसऱ्या टेबलावर टाकतो तेव्हा फार तर फाइल लांबते. इथे मुलाचे वर्ष जाते.

जोतीरावांना मास्तर कसा हवा होता? जो शेतकऱ्यांच्या, कष्टकऱ्यांच्या घरातून आला आहे, त्यांच्यात मिसळतो, त्यांची गरज ओळखतो. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला कमीपणा वाटत नाही, असा. त्या काळी मास्तर बहुतेक सगळे एकाच जातीचे होते आणि मुलांपासून अंग चोरून बसत, हे जोतीरावांनी पाहिले होते. आज ती परिस्थिती राहिली नाही. राखीव जागांमुळे आपल्या समाजातले, इतर बहुजन समाजातले शिक्षक हजारोंनी झाले. ही क्रांती लहान नाही. पण बाईंनी इथे आम्हाला थांबवले. "जात बदलली की अंग चोरणे आपोआप जात नाही. आपलेच काही लोक सोसायटीत राहायला गेले की वस्तीतल्या पोराला म्हणतात, 'ही मुलं शिकणारी नाहीत.' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्या जातींच्या तोंडून ऐकले आहे."

मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. आम्ही ती जरा विस्ताराने देतो, कारण आपल्या आयाबायांना घरीही ती उपयोगी पडेल.

पहिलीत आलेले मूल 'व्हतं', 'पानी', 'आन्ला' असे बोलते. मुले हसतात, कधी शिक्षकही हसतो. त्या दिवसापासून ते मूल तोंड उघडत नाही. बाई काय करीत? मूल जे बोलले ते तसेच्या तसे फळ्यावर लिहीत. त्याच्या तोंडचे शब्द फळ्यावर उमटले की पोराचा चेहरा फुलतो. मग शेजारी पुस्तकातला शब्द लिहायचा. हे घरचे, हे पुस्तकाचे, दोन्ही आपले. चार महिन्यांत मूल दोन्ही बोलायला लागते, आणि लाजत नाही. पाठ्यपुस्तकाच्या आधी बाई वस्तीतलीच अक्षरे वाचायला लावीत. बसची पाटी, रेशनकार्ड, किराणा दुकानाचा फलक, बिस्किटाच्या पुड्याचा कागद. पर्वती, स्वारगेट, येरवडा, बोपोडी ही नावे बसवर रोज दिसतात, तेवढ्यांत किती अक्षरे येतात ती मोजून पाहा.

गणिताचे तसेच. आई भाजीची पाटी घेऊन बसते, तिची मुलगी साडेबारा रुपयांचा पाव किलो आणि वर कोथिंबीर असा हिशेब तोंडी करते. तीच मुलगी वर्गात हातच्याच्या वजाबाकीला अडते आणि 'ढ' ठरते. बाई म्हणतात, तिला हिशेब येतो. तिला येत नाही ती कागदावरची मांडणी. आधी तिचा तोंडी हिशेब ऐका, मग तो मांडायला शिकवा. संख्यावाचनाचे उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! टीव्हीवर चेष्टा झाली, विधानसभेतही झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. आता त्या हयात नाहीत. जुने वाचन त्यांनी बंद केले नव्हते, जोडीला दुसरी वाट दिली होती. बाई म्हणतात, "सत्तावीस ऐकले की मूल आधी सात लिहिते आणि मग दोन. बहात्तर होतात. घरी पाढे म्हणून घेणारे कोणी असेल तर ही चूक महिन्यात जाते. ज्याच्या घरी कोणी नाही, ते मूल दोन वर्षे बहात्तरच लिहीत राहते. चेष्टा करणाऱ्यांच्या घरी पाढे म्हणून घेणारे आजोबा होते."

आता एक गोष्ट जरा जपून सांगतो, कारण ती अनेक घरांत दुखरी आहे. शिष्यवृत्तीच्या वेळी वर्गात मोठ्याने पुकारा होतो, 'एस.सी.वाले उभे राहा.' पोरे उभी राहतात. त्या दिवसापर्यंत शेजारी बसून डबा खाणाऱ्यांना कळते, हा कोण. सवलत हक्काची आहे आणि ती घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही, हे आपण मुलांना शिकवतोच. पण आठ वर्षांच्या पोराला भर वर्गात जातीवरून उभे करणे हा सवलतीचा भाग नाही. बाबासाहेबांना शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागले होते, हे तिथल्याच पुस्तकात शिकवतात आणि त्याच खोलीत असा पुकारा करतात! बाईंनी तीस वर्षांत एकदाही तो केला नाही. पालकांना बोलावून एकेकाच्या हातात अर्ज देत. वेळ जास्त जातो, तेवढेच. कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे जसे बंद केले आहे, तसा मानसिक छळही बंद केला आहे. ज्या शाळेत हा पुकारा होतो तिथे पालकांनी शांतपणे, पण लेखी हरकत घेतली पाहिजे.

मारण्यावरून आठवले. आपल्यातलेच काही बाप शाळेत जाऊन 'गुरुजी, चोपून काढा, आमची ना नाही' असे सांगतात. त्यांना काय म्हणावे?

इथे मुक्ता साळवेची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. थोड्या वर्षांच्या शिक्षणावर तिने धर्माला, पेशवाईला आणि आपल्या लोकांच्या अज्ञानाला सवाल केले. तिला हे लिहिता आले याचा अर्थ असा, की तुझ्या डोळ्यांनी पाहिलेले लिही, असे तिला कोणीतरी वर्गात सांगितले होते. आज आपल्या अभ्यासवर्गात आठवीची मुले निबंध घेऊन येतात. गाइडातून उतरवलेला 'माझा आवडता पक्षी'. दहा वह्यांत तोच मोर, तोच पिसारा, तीच शुद्धलेखनाची चूक. बाईंनी एकदा विषय दिला, 'आमच्या नळाला पाणी कधी येते'. मुलांनी दोन-दोन पाने लिहिली. हंड्यांची रांग, भांडणे, पहाटे उठणारी आई, सगळे त्यात आले. एका मुलीने पाण्याच्या टँकरचा नंबरसुद्धा लिहिला होता.

पैशाचा विषय जोतीरावांनी सोडला नाही. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो कष्टकऱ्यांच्या घामाचा, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करा, लोकल फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शाळांना द्या, म्युनिसिपालट्यांवर शाळा चालवण्याची कायद्याने सक्ती करा. ही झाली त्यांची मागणी. पंचेचाळीस वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी हाच धागा उचलला. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते, तेव्हा लोकांकडून घेतले जाते तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी बजावले. आणखी एक आकडा त्यांनी दिला. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. शाळेत आलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर प्राथमिक शिक्षणावरचा खर्च वाया, हे त्यांचे म्हणणे.

या ठिकाणी आपण जरा थांबू या. अठरा आणि ब्याऐंशी हे आकडे आज बदलले. मुले चौथीपर्यंत पोचतात, आठवीपर्यंतही पोचतात. घटनेने १९५० मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला दहा वर्षांची मुदत दिली होती. हक्क मिळायला १ एप्रिल २०१० उजाडले, पण मिळाला. शाळा आहे, पुस्तके फुकट, खिचडी आहे. मुलींसाठी १९९२ पासून रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला (कैक वर्षे तो एकच रुपया राहिला, ते असो). पण बाबासाहेबांची कसोटी मूल कितवीत पोचले ही नव्हती. शाळेतून बाहेर पडताना वाचता येते की नाही, ही होती. देशाच्या ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होते. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो. ती पाहणी खेड्यांची आहे. शहरातल्या आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या नव्या मुलांवरून सांगायचे, तर पुण्याने फार मान वर करू नये.

हे का होते? एक कारण बाईंनी सांगितले. आठवीपर्यंत नापास करायचे नाही, असा नियम कायद्याने आला. हेतू चांगला होता, कारण नापास झालेले आपलेच पोर हॉटेलात कपबशा विसळायला जात होते. पण 'नापास करू नका' याचा अर्थ 'नाही शिकवले तरी चालेल' असा लावला गेला. २०१९ मध्ये कायदा बदलला, आणि २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. बाई म्हणतात, दुसरीत वाचायला शिकवले नाही त्याची शिक्षा पाचवीत कोणाला? पोराला. मधल्या तीन वर्षांत त्याला कोणी विचारले नाही. त्यात मार्च २०२० पासून जवळजवळ दोन वर्षे शाळा बंद राहिल्या. घरात मोबाइल एक, तो बाप कामावर घेऊन जाणार. त्या काळात पहिली-दुसरीत असलेली मुले आज वरच्या वर्गांत अडखळत बसली आहेत.

दुसरे कारण पटसंख्येचे. जोतीरावांनी कमिशनला बजावले होते, की निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत गरीब आणि अशिक्षित लोकांच्या शाळांना लागू पडत नाही. शिक्षणाची गोडी लागेपर्यंत सरकारनेच तिथे शाळा चालवाव्यात आणि जास्त मदत द्यावी. आज निकालाच्या जागी पट आला. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते. शिक्षक गेला की पालक म्हणतो, इथे शिकवायला कोणी नाही, आणि मुलाला काढतो. मग पट आणखी घसरतो. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयावरून राज्यभरातले शिक्षक रस्त्यावर आले, ते याच भीतीने.

आणि काढलेले मूल जाते कुठे? कोपऱ्यावरच्या इंग्रजी शाळेत. आम्ही या पालकांना नावे ठेवणार नाही. इंग्रजी शिकावेसे वाटणे हा गुन्हा नाही, जोतीरावांनी निवेदन इंग्रजीतच दिले होते. पण दोन खोल्यांची शाळा, टाय-बूट, आणि शिकवणारी ताई स्वतः बारावी, अशा ठिकाणी अर्धा पगार ओतून मुलाला ना मराठी वाचता येत ना इंग्रजी. चांगल्या खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा कायद्याने आपल्या मुलांच्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला आणि सुप्रीम कोर्टातही तेच टिकले. तेव्हा अर्ज जरूर करा. पण या जागा सगळ्यांना पुरणार नाहीत. बहुसंख्य पोरे महापालिकेच्याच शाळेत राहणार आहेत, आणि म्हणून ती शाळा सोडून चालणार नाही.

आता आम्हाला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो. निवेदनात शाळांच्या तपासणीवर एक मुद्दा आहे. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा उपयोग फारसा नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि शिवाय मधूनमधून न कळवता भेट द्यावी, असे जोतीरावांनी सुचवले. न कळवता! खडू धरलेल्या माणसालाच हे सुचते. कळवून साहेब आला की काय होते ते बाईंनी रंगवून सांगितले. आदल्या दिवशी फलकलेखन, रांगोळी, हुशार पाच मुले पुढच्या बाकावर, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना, 'तुम्ही फक्त हात वर करू नका.'

मग न कळवता जाणार कोण? साहेबाला वेळ नाही. जोतीरावांच्या वेळी पालकाला कायद्याने उभे राहायला जागा नव्हती, आज आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे अशा प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती पाहिजे. तिच्यात चारांत तीन सभासद पालक, आणि एकूण निम्म्या महिला. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, हे या समितीचे कायद्याने लिहून दिलेले पहिले काम आहे. पण चौकशी करून पाहा. कितीतरी पालकांना आपण समितीवर आहोत हेच ठाऊक नसते. वर्षाच्या सुरुवातीला कोऱ्या वहीवर सही घेतलेली असते आणि पुढचे इतिवृत्त आपोआप तयार होते. इतिवृत्त कसे तयार होते हे आम्हा कारकुनांना कोणी शिकवायला नको.

आमच्या अभ्यासवर्गातल्या चार आया या समितीवर आहेत. दोघी धुण्याभांड्याची कामे करतात, एक सफाईच्या ठेक्यावर आहे, एक घरी शिवणकाम करते. बापांना खाडा परवडत नव्हता, म्हणून या गेल्या. एका मंगळवारी अकराच्या सुमारास, न कळवता. बाईंनी त्यांना एकच गोष्ट सांगून पाठवले होते, भांडायचे नाही, ओरडायचे नाही, पाचवीच्या वर्गात बसायचे आणि बाईंची परवानगी घेऊन मुलांना तिसरीच्या पुस्तकातले एक पान वाचायला सांगायचे. यांतल्या दोघींना स्वतःला वाचता येत नाही. त्यांनी विचारले, आम्हाला कसे कळणार बरोबर वाचले की चूक? बाई म्हणाल्या, "कान आहेत ना? पोर वाचते आहे की घोकते आहे, हे आईला कानाने कळते."

वर्गावर तरुण शिक्षिका होती, एकटी, आणि पुढ्यात पाचवीबरोबर चौथीही. शेजारचे गुरुजी याद्यांच्या कामावर होते. आयांना पाहून ती आधी घाबरली, मग खुर्च्या द्यायला धावली. मुलांनी पान वाचले. निम्मी वाचत होती, काही बोट ठेवून अडखळत होती, आणि मागच्या बाकावरच्या काहींनी पुस्तक नुसते धरून ठेवले होते. त्यांत सफाईच्या ठेक्यावर असलेल्या बाईंचा स्वतःचा मुलगा होता. त्या काही बोलल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर शिक्षिकेने त्यांना सांगितले, की ताई, मला रोज पाऊण तास फक्त ही मागची मुले द्या, मी त्यांना दिवाळीपर्यंत वाचायला लावते, पण दोन वर्ग एकत्र असले तर मला ते जमत नाही.

त्या संध्याकाळी विहारात अर्ज लिहिला. मागणी एकच ठेवली, चौथी आणि पाचवीचे वर्ग वेगळे बसावेत आणि रोज एक तासिका वाचनाची असावी. वाचक मंडळींनी असा अर्ज करताना एवढे पाळावे. अर्ज दोन प्रतींत करा. एक प्रत मुख्याध्यापकांना, दुसरीवर तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. शिक्षकाचे नाव घालून तक्रार करू नका, अडचण लिहा. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, असे शेवटी लिहा, आणि त्या बैठकीला स्वतः हजर राहून इतिवृत्त वाचून मगच सही करा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. समितीवर नसलेल्या पालकांनी फाटकावर आपले नाव आणि मुलाचा वर्ग सांगून मुख्याध्यापकांची भेट मागावी.

चौघींच्या अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. उत्तर अजून आलेले नाही. तोपर्यंत मागच्या बाकावरची ती मुले संध्याकाळी आमच्याकडे येतात, आणि बाई आता आठवड्यातून दोनच्या ऐवजी चार दिवस येतात. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना विहाराबाहेर नेले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या पाट्या वाचायला सांगितल्या.